माळ्यावरची नौदलाची ट्रंक: गोव्यातल्या घरांतून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फोंड्याला आमच्या आतेच्या घरी कौलं बदलायला माळा रिकामा केला, तेव्हा एक हिरवी पत्र्याची ट्रंक खाली आली. आतोबा जाऊन तेव्हा बरीच वर्षं झाली होती. दुसऱ्या महायुद्धात ते गस्ती बोटीवर अधिकारी होते, एवढंच आम्हां भाचरांना ठाऊक होतं. त्या दिवसापासून मी त्या ट्रंकेचा माग काढतो आहे. हे कळल्यावर पेडण्यापासून काणकोणपर्यंतच्या ओळखीपाळखीच्या घरांतून विचारणा होऊ लागली, की आमच्याकडेही असंच काही आहे, त्याचं काय करायचं? प्रश्न बहुधा तेच असतात, म्हणून उत्तरं इथे लिहून ठेवली आहेत.

ट्रंक सापडली. पहिल्यांदा काय करू?

झाकण उघडा, फोटो काढा आणि हात मागे घ्या. वरचा थर जसा आहे तसा टिपा. मग एकेक वस्तू उचला, तिच्या खाली काय होतं त्याचा फोटो घ्या, वहीत क्रमांक घाला. कुठली वस्तू कुठल्या पाकिटात, कशात गुंडाळलेली, कशाच्या शेजारी होती हे लिहा. गुंडाळलेलं वर्तमानपत्र फेकू नका, त्याच्यावरही तारीख असते.

आमच्याकडून इथेच चूक झाली. आतोबांचे फोटो चार पाकिटांत होते. उत्साहाच्या भरात आम्ही ते सगळे बाहेर काढून लहान-मोठे असे लावले आणि जीर्ण पाकिटं केरात गेली. दोन दिवसांनी एक पाकीट पलंगाखाली सापडलं. त्याच्यावर शिसपेन्सिलीने महिना आणि बंदराचं नाव लिहिलं होतं. बाकीच्या तीन पाकिटांवर काय होतं ते आता कधीच कळणार नाही. फोटो सगळे आहेत, पण कुठला कुठल्या बंदरातला हे सांगणारं गेलं. मला त्याची रुखरुख अजून आहे.

आणि हे काम चवथीच्या साफसफाईत उरकू नका. त्या गडबडीत गोव्यातल्या घरांतून जेवढे जुने कागद बाहेर जातात तेवढे वाळवीही खात नसेल.

ते नौदलात होते की व्यापारी जहाजावर, हे कसं ओळखायचं?

गोव्यात हा प्रश्न आधी सोडवावा लागतो. आपल्याकडे तारवटी, म्हणजे व्यापारी जहाजांवर काम करणारे, घराघरांत. ब्रिटिश इंडिया, पी अँड ओ या जहाज कंपन्यांच्या बोटींवर स्टुअर्ड, आचारी, वादक म्हणून गेलेली माणसं मुंबईत धोबी तलावाच्या कुडांत, म्हणजे गोंयकारांच्या वसतिगृहांत, उतरायची आणि बोट लागली की निघायची. युद्धात त्यांनीही टॉर्पेडो झेलले, त्यांनाही पदकं मिळाली. घरी मात्र दोन पिढ्यांनंतर सगळेच 'नेव्हीत होते' होतात.

ट्रंकेत जहाजावरच्या प्रत्येक फेरीची नोंद असलेलं डिस्चार्जचं पुस्तक असेल, तर माणूस व्यापारी जहाजावरचा. नौदलाच्या अधिकाऱ्याकडे कमिशनचा, म्हणजे अधिकारपद दिल्याचा कागद, नेमणुकीची पत्रं, जेवणघराची बिलं असं सापडतं. दोन्ही सापडलं तर गोंधळू नका, युद्धापुरते नौदलात जाऊन परत कंपनीत आलेले लोक होते. तारवटी निघाले म्हणून हिरमुसूही नका. मुंबई आणि चितगाव इथल्या स्मारकांच्या यादीत नौदलाची माणसं चारशेच्या वर आहेत आणि व्यापारी जहाजांवरची जवळजवळ ६,०००.

कोटाच्या बाहीवरच्या सोनेरी पट्ट्यांवरून काय कळतं?

पुष्कळ कळतं. आतोबांची ओळख आम्हाला तिथूनच पटली. सरळ पट्ट्या असतील तर माणूस रॉयल इंडियन नेव्हीचा कायम अधिकारी. पट्ट्या एकमेकींत गुंफलेल्या असतील तर राखीव दलातला, म्हणजे मुळात व्यापारी जहाजावरचा दर्यावर्दी. आणि लाटेसारख्या नागमोडी असतील तर स्वयंसेवी राखीव दल, म्हणजे काल कचेरीत किंवा कॉलेजात असलेला आणि युद्धासाठी गणवेश चढवलेला माणूस. आतोबांच्या पट्ट्या नागमोडी होत्या. घरी सगळे त्यांना 'पक्के नेव्हीवाले' समजत. ते मुंबईत नोकरी करणारे तरुण होते आणि स्वतःहून भरती झाले होते, हे त्या लाटेने सांगितलं.

एक पट्टी म्हणजे सब-लेफ्टनंट, दोन म्हणजे लेफ्टनंट, दोन जाडांच्या मध्ये एक बारीक असेल तर लेफ्टनंट कमांडर, तीन म्हणजे कमांडर. छोट्या बोटीचा कप्तान बहुधा लेफ्टनंटच असे. पट्ट्यांच्या मधल्या कापडाचा रंगही पाहा: जांभळा असेल तर इंजिनिअर, लाल असेल तर डॉक्टर, पांढरा असेल तर हिशेब आणि पुरवठ्याची शाखा.

आपल्या हवेत पांढरा गणवेश जास्त वापरला जाई. त्यात हीच खूण खांद्यावरच्या कडक पट्ट्यांवर असते. त्या लहान असतात, शिवणाच्या डब्यात, देव्हाऱ्याच्या खणात, कुठेही सापडतात. जोडीतली एकच सापडली तरी पुरे.

बटणावर मुकुट आहे. म्हणजे स्वातंत्र्यापूर्वीचं ना?

एवढ्यावरून तसं म्हणता येत नाही. १५ ऑगस्ट १९४७ नंतरही नौदलाचं नाव 'रॉयल इंडियन नेव्ही'च होतं आणि जहाजांच्या नावाआधी एच.एम.आय.एस. (हिज मॅजेस्टीज इंडियन शिप) लागत होतं. २६ जानेवारी १९५० ला मुकुट गेला, अशोकस्तंभाचे सिंह आले आणि जहाजं आय.एन.एस. झाली. तेव्हा मुकुट म्हणजे १९५० च्या आधीचं, सिंह म्हणजे नंतरचं. पत्राच्या माथ्यावरचा छाप, टोपीचा बिल्ला, चहाच्या बशीवरचं चिन्ह, सगळ्यांना हाच नियम लावा.

घरात 'पेट्रोल बोट' म्हणतात. ती नेमकी कसली बोट?

इथे 'पेट्रोल' म्हणजे गस्त, इंधन नव्हे. या एका शब्दात तीन वेगवेगळ्या काळांच्या बोटी येतात, म्हणून आधी काळ ठरवा.

दुसरं महायुद्ध असेल तर बहुधा मोटर लाँच, कागदांवर 'एम.एल.'. त्यातली मोठी जात फेअरमाइल बी, ११२ फूट लांब, लाकडी, पेट्रोलच्या दोन इंजिनांची. धाकटी जात बंदराच्या राखणीसाठीची, ७२ फुटी, कागदांवर 'एच.डी.एम.एल.'. यांतल्या काही भारतातच बांधल्या गेल्या. रॉयल इंडियन नेव्हीच्या अशा बोटी आराकानच्या, म्हणजे ब्रह्मदेशाच्या पश्चिम किनाऱ्यावर लढल्या. तिथे समुद्रापेक्षा खाड्यांतलं काम जास्त. 'चाउंग' म्हणतात तिकडे त्या खाड्यांना: दोन्हीकडे खारफुटी, भरती-ओहोटीने बदलणारं पाणी, वळणापलीकडे काय आहे ते दिसायचं नाही. मांडवी-जुवारीच्या मधल्या कुंभारजुवेच्या कालव्यातून ज्याने होडी नेली आहे त्याला थोडी कल्पना येईल. तिथे दारूगोळ्याबरोबर पेट्रोलच्या टाक्या पोटाशी घेऊन लाकडी बोटीत रात्रभर जायचं.

आतोबांच्या खिशातल्या वहीत 'एम.एल.' आणि आकडा होता, आणि पुढे दोन शब्द, म्येबोन आणि कांगाव. आम्हाला ती माणसांची नावं वाटली. ती गावं निघाली. म्येबोनला दोस्त फौजा १२ जानेवारी १९४५ ला उतरल्या, कांगावला २२ जानेवारीला. त्याच्या आधी ३ जानेवारीला अक्याब घेतलं होतं आणि २१ तारखेला रामरी बेटावर उतरणं झालं. वहीच्या त्या पानांवर भरती-ओहोटीच्या वेळा, डिझेल आणि पेट्रोलचे हिशेब, आणि मध्येच 'तांदूळ संपले' एवढंच. चकमकीबद्दल एक अक्षर नाही. हे पान मी जितक्यांदा वाचतो तितक्यांदा मला आतोबा जास्त कळतात.

काळ १९६१ चा असेल तर गोव्यात 'पेट्रोल बोट' पोर्तुगिजांचीही असू शकते, तिचं पुढे लिहिलं आहे. आणि १९७१ असेल तर भारतीय नौदलाची. त्या युद्धातली सर्वांत नावाजलेली गस्ती बोट म्हणजे 'पनवेल'. डिसेंबर १९७१ मध्ये बांगलादेशच्या मुक्तिवाहिनीच्या 'पद्मा' आणि 'पलाश' या गनबोटी बरोबर घेऊन ती मोंगला-खुलनाच्या नद्यांत शिरली. १० डिसेंबरला आपल्याच विमानांनी ओळखण्यात चूक केली आणि पद्मा व पलाश बुडाल्या. त्या ताफ्याचं नेतृत्व कमांडर मोहन नारायण सामंत यांच्याकडे होतं, त्यांना महावीरचक्र मिळालं. एका मराठी गावाचं नाव घेऊन गेलेली बोट आणि तिच्या ताफ्याचा मराठी सेनानी, पण आपल्या मुलांना हे कुणी सांगत नाही.

पदकांवर नाव कोरलेलं नाही. खोटी आहेत का?

दुसऱ्या महायुद्धाच्या मोहिमांची पदकं ब्रिटिश दलांना कोरीच दिली गेली. भारतीयांच्या पदकांवर नावं आढळतात, पण कोरं पदक पाहून ते खोटं ठरवू नका. उलट, कोरं असल्यामुळेच ते कुणाचं हे फक्त त्याच्याबरोबरच्या कागदांवरून सिद्ध होतं. पुठ्ठ्याची पेटी, आतली चिठ्ठी, पत्त्याचा कागद जपायचा तो यासाठी.

आराकानला गेलेल्या अधिकाऱ्याकडे साधारण असा संच असतो: १९३९-४५ स्टार (फीत गडद निळी, लाल, फिकी निळी अशा तीन सारख्या पट्ट्यांची), बर्मा स्टार (निळ्या फितीच्या मधोमध रुंद लाल पट्टा, दोन्हीकडे नारिंगी रेघ), आणि गोल, पांढरट धातूचं वॉर मेडल. दोन्ही स्टार सहा टोकांचे, पिवळसर धातूचे. बर्मा स्टार दिसला की ब्रह्मदेशाच्या बाजूला शोध घ्यायचा. स्वतंत्र भारताच्या पदकांवर मात्र साधारणपणे क्रमांक, हुद्दा आणि नाव असतं. १९७१ साठी पूर्वी स्टार की पश्चिमी स्टार, एवढं पाहिलं तरी कुठल्या आघाडीवर होते ते कळतं.

घरच्या गोष्टींवर किती विश्वास ठेवायचा?

ऐका, शब्दन्‌शब्द लिहून घ्या, आणि मग तपासा. दोन गोष्टी गोव्यात हमखास ऐकू येतात.

पहिली, 'मुरगावातलं जर्मन जहाज आमच्या आजोबांनी बुडवलं.' ९ मार्च १९४३ च्या रात्री मुरगाव बंदरात 'एरनफेल्स' या जर्मन जहाजावर छापा पडला हे खरं. पण तो घातला कलकत्ता लाइट हॉर्स आणि कलकत्ता स्कॉटिश या हौशी पलटणींच्या माणसांनी. मध्यमवयीन व्यापारी आणि कंपन्यांतले साहेब 'फीबी' नावाच्या गाळ वाहणाऱ्या बार्जमधून आले होते. पोर्तुगाल तटस्थ, म्हणून प्रकरण १९७८ पर्यंत दडवलं गेलं. रॉयल इंडियन नेव्हीच्या गस्ती बोटीचा त्यात भाग नव्हता. त्या रात्री जर्मन खलाशांनी आपली जहाजं स्वतःच पेटवून बुडवली. मग आजोबांकडे त्या जहाजाचं पितळी काहीतरी कसं? सडे-मुरगावच्या लोकांनी नंतर वस्तू मिळवल्याच नसतील असं नाही. वस्तू खरी आणि गोष्ट चुकीची, असं होऊ शकतं.

दुसरी, 'ते १९४६ च्या बंडात होते.' १८ फेब्रुवारी १९४६ ला मुंबईच्या 'तलवार' या नौदल केंद्रात सुरू झालेला उठाव खलाशांचा होता, अधिकाऱ्यांचा नव्हे. तुमचे आजोबा अधिकारी असतील, तर त्या आठवड्यात ते कुठे होते आणि त्यांनी काय केलं, हा खरा प्रश्न आहे आणि तो अवघड आहे. आतोबांनी या विषयावर कधी तोंड उघडलं नाही. मी त्यांच्या तोंडी शब्द घालणार नाही.

आणि होकायंत्र, दुर्बीण, घड्याळ यांच्यावर बाणाच्या टोकासारखी खूण असेल, तर ती ब्रिटिश सरकारी मालमत्तेची खूण. वस्तू त्याच बोटीवरची होती असं तेवढ्याने ठरत नाही. युद्धानंतर असा माल मुंबईच्या चोरबाजारात ढिगांनी मिळायचा.

नोंदी कुठे शोधायच्या?

घरबसल्या सुरुवात होते. लंडन गॅझेट, म्हणजे ब्रिटिश सरकारचं राजपत्र, इंटरनेटवर फुकट आहे, शौर्यपदकं आणि खलित्यांतले (लढाईच्या अहवालांतले गौरवाचे) उल्लेख त्यात नावानिशी आहेत. नेव्ही लिस्टमध्ये अधिकाऱ्यांची नावं ज्येष्ठतेच्या तारखेसह मिळतात. आडनावाची स्पेलिंगं पाच-सहा तऱ्हांनी करून पाहा. आपल्या आडनावांना पोर्तुगीज, इंग्रजी आणि मराठी असे तीन वळसे असतात. 'कामत' हे 'Camotim' असं लिहिलं गेलेलं प्रत्येक गोवेकराला माहीत आहे.

बोटींच्या कारवायांचे अहवाल लंडनजवळ क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात ॲडमिरल्टीच्या, म्हणजे ब्रिटिश नौदल खात्याच्या कागदांत आहेत, त्यात १९९ क्रमांकाची मालिका युद्धकाळाची. इंडिया ऑफिसचे, म्हणजे लंडनहून भारताचा कारभार पाहणाऱ्या खात्याचे कागद ब्रिटिश लायब्ररीत. दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागाराच्या 'अभिलेख पटल' या संकेतस्थळावर सूची चाळता येते. युद्धात कामी आलेल्यांसाठी राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाची यादी. अधिकाऱ्यांच्या सेवेची चौकशी नौदल मुख्यालयाकडे आणि खलाशांची मुंबईत मानखुर्दच्या चीता कॅम्पमधल्या ब्यूरो ऑफ सेलर्सकडे. अर्जाबरोबर नातं दाखवणारे कागद जोडा.

मुंबईत १९७८ पासून मेरीटाइम हिस्टरी सोसायटी आहे. व्हाइस ॲडमिरल मनोहर आवटी यांनी ती सुरू केली. पणजीत पाटोवरच्या कृष्णदास शामा ग्रंथालयात जुनी वर्तमानपत्रं पाहता येतात. गावचा मुलगा रजेवर आल्याची चार ओळींची बातमीही कधी तारीख पक्की करून जाते.

वस्तू पोर्तुगीज नौदलाची निघाली तर?

तर तिला तेवढ्याच आदराने हाताळा. डिसेंबर १९६१ मध्ये 'अफोन्सो द आल्बुकेर्क' हे जहाज भारतीय फ्रिगेटींशी (मध्यम युद्धनौकांशी) लढून दोनापावलच्या बाजूला किनाऱ्याला लागलं, हे सगळ्यांना माहीत असतं. त्याखेरीज तीन छोट्या गस्ती बोटी होत्या. गोव्यातली 'सिरियस' तिच्याच लोकांनी निकामी केली. दमणची 'अंतारेस' कराचीला निसटली. दीवची 'व्हेगा' विमानांच्या माऱ्यात बुडाली आणि तिचा तरुण कप्तान ऑलिव्हेरा इ कार्मो मारला गेला. यांतल्या कुणाचे कागद तुमच्या घरी असतील, तर लिस्बनला नौदलाचं ऐतिहासिक दफ्तर आहे. वाचायला आपल्याकडच्या पोर्तुगीज शिकलेल्या आजी-आजोबांची मदत घ्या, आत्ताच घ्या.

तलवार, काडतुसं, पिस्तूल सापडलं आहे.

काडतूस, गोळा किंवा जुना इशाऱ्याचा बार सापडला तर हात लावू नका, ११२ ला फोन करा. ऐंशी वर्षांची दारू कशी वागेल ते कुणी सांगू शकत नाही. इशारा देण्याचं रुंद नळीचं पिस्तूल खेळण्यासारखं दिसलं तरी पोलिसांना दाखवा. तलवारही १९५९ च्या शस्त्र कायद्यात मोडते. जवळच्या ठाण्यावर लेखी कळवून पोच घ्या.

पदकं चकचकीत करून फ्रेम करू का?

कृपा करून करू नका. चिंच नको, पितांबरी नको, ब्रासो नको. काळपटपणा हाही त्या पदकाच्या वयाचा भाग आहे आणि घासताना अक्षरं झिजतात. कोट धुवायला देऊ नका, जरीच्या पट्ट्या काळ्या पडतील आणि खालचा रंग उतरेल. डांबरगोळी जरीला किंवा धातूला टेकू देऊ नका.

आपला खरा वैरी पाऊस. जून ते सप्टेंबर ट्रंक भिंतीला आणि जमिनीला टेकवून ठेवू नका, चिऱ्याची भिंत ओल धरते. प्लास्टिकच्या पिशवीत कागद घालू नका, आत बुरशी धरते. जुनं, धुऊन मऊ झालेलं, खळ नसलेलं सुती धोतर वस्तू गुंडाळायला सर्वांत चांगलं. दिवाळीनंतर कोरडी हवा पडली की सावलीत उघडं ठेवा. आणि फोटो लॅमिनेट करू नका. एकदा केलं की परत उलगडत नाही, मागचा मजकूर कायमचा झाकला जातो. एकमेकांना चिकटलेले फोटो ओढू नका.

भाऊ वही घेऊन इंग्लंडात स्विंडनला जातो म्हणतो. नेऊ दे?

त्याला थांबवा. ऐतिहासिक मोलाचं हस्तलिखित किंवा कागदपत्र ७५ वर्षांचं झालं की १९७२ च्या पुरावस्तू कायद्याखाली येऊ शकतं, इतर वस्तूंना ही मुदत १०० वर्षांची आहे. असा ऐवज खाजगीरीत्या परदेशी नेता येत नाही. १९४५ ची वही त्या मर्यादेत बसते. बोटीची अधिकृत लॉगबुकं, सांकेतिक पुस्तकं निघाली तर ती सरकारी दफ्तर समजा, १९९३ च्या सार्वजनिक अभिलेख कायद्याप्रमाणे केंद्राच्या परवानगीशिवाय तीही देशाबाहेर जात नाहीत. भावाला उत्तम स्कॅन करून द्या.

मालक कोण?

गोव्यात इन्व्हेंटरी, म्हणजे वारसांतली मालमत्तेची यादी आणि वाटणी, होईपर्यंत एकटा कुणीच नाही. लग्नाची मालमत्ता सामाईक असेल तर निम्मा हिस्सा पत्नीचाच, उरलेल्यावर मुलांचा हक्क आणि त्यातलाही अर्धाच भाग मृत्युपत्राने दुसऱ्याला देता येतो. आता हे २०१२ च्या गोवा वारसा कायद्याप्रमाणे चालतं. पदकं आणि वह्या यादीत 'जुनं सामान' अशा एका ओळीत घालू नका, वेगळी नोंद करा. आणि वाटणीत संच फोडू नका. एका भावाला बर्मा स्टार, दुसऱ्याला वॉर मेडल, बहिणीला फोटो, असं मी एका घरात पाहिलं. आज तिघांकडे तीन वस्तू आहेत, पण आजोबांची ट्रंक कुणाकडेच नाही. एकाच्या ताब्यात ठेवा, इतरांना प्रती द्या.

विकू की संग्रहालयाला देऊ?

पैशाची निकड असेल तर विकण्यात पाप नाही, पण पूर्ण संच, यादीसह, एकाच ठिकाणी. दान देताना आधी विचारा की वस्तू मांडणार की कोठीत ठेवणार, आणि लेखी करार करा. बोगमाळ्याचं संग्रहालय नौदलाच्या विमानांचं आहे, गस्ती बोटीचं सामान तिथे शोभणार नाही. मुंबईची सोसायटी किंवा पणजीचं पुराभिलेख खातं यांच्याशी आधी बोला. आम्ही अजून काहीच दिलेलं नाही. आते आहे तोवर ट्रंक तिच्या खोलीत राहील.

फोटोतली माणसं ओळखू येत नाहीत.

घरात जे सर्वांत वयस्क आहेत त्यांच्यापुढे एकेक फोटो ठेवा, सकाळी, चहा झाल्यावर, मोबाइलवर आवाज टिपत. 'हा कोण?' असं विचारू नका, नाव आठवलं नाही की त्यांना वाईट वाटतं आणि बोलणं थांबतं. 'हा फोटो पहिल्यांदा कुठे पाहिलात?' असं विचारा.

आमच्या एका फोटोत बोटीच्या मागच्या टोकावर पाच जण आहेत आणि पुढे एक पोरगेला खलाशी हातात केटली घेऊन हसतो आहे. वर्षभर मी पाच अधिकाऱ्यांचीच नावं शोधत होतो. आतेला फोटो दाखवला तर ती म्हणाली, "हा केटलीवाला लग्नाला आलेला आमच्या. रत्नागिरीकडचा. आंबे घेऊन आला होता, आणि तुझे आतोबा त्याला दारात पाहून रडले." नाव तिला आठवत नाही. खलाशांच्या नोंदींसाठी मानखुर्दला अर्ज केला आहे, त्यात बोटीचा क्रमांक आणि जिल्हा एवढंच लिहिता आलं.